हाताने गोधडी शिवणाऱ्यांसाठी अंगुस्तान

हाताने शिवणाऱ्या पुष्कळ जणी अंगुस्तान, म्हणजे सुई सारताना बोटावर घालायची टोपी, वापरत नाहीत. कारण विचारले, तर ‘त्यात बोट बधिर होते, सुई कळत नाही’ असे उत्तर मिळते. दोन पातळ कापडे जोडायची असतील किंवा बटण लावायचे असेल, तर त्यांचे म्हणणे मान्य करण्यासारखे आहे. गोधडीचे काम मात्र निराळे असते. वरचे कापड, मधला भराव आणि खालचे अस्तर असे तीन थर एकदम ओवायचे, तेही तीन-चार टाके एकाच वेळी सुईवर घेऊन, हे चिमटीत धरलेल्या सुईने नीट साधत नाही. चिमटीने सुई ओढता येते, परंतु या थरांतून ती पुढे सारायची असेल तर जोर मागून, म्हणजे नेढ्याच्या बाजूने, द्यावा लागतो. नेढ्याकडचे टोक बोथट असले तरी बारीक असते आणि सगळा दाब तेवढ्याशा जागेवर आल्यामुळे ते थोड्याच वेळात बोटात रुतू लागते.

म्हणून अंगुस्तान निवडताना ते बोट किती झाकते याला मी दुय्यम महत्त्व देते. नेढे त्यावर कोठे टेकते आणि टेकल्यावर तेथेच राहते का, हे मी आधी पाहते. हे का, ते समजण्यासाठी टाका कसा पडतो ते बारकाईने पाहावे लागेल.

अंगुस्तान शिवणाऱ्या हाताच्या मधल्या बोटावर घालतात. सुई कापडावर उभी, अगदी काटकोनात, ठेवायची आणि तिचे नेढे अंगुस्तानावरच्या बारीक खळग्यांपैकी एका खळीत टेकवायचे. या क्षणी सुई कोणीही चिमटीत धरलेली नसते. खाली कापड आणि वर अंगुस्तान यांच्यामध्ये ती तोललेली असते. दुसरा हात गोधडीच्या खाली असतो आणि त्याच्या बोटाला सुईचे टोक जेमतेम जाणवले की सुई थांबवायची. मग खालच्या बोटाने थर किंचित वर उचलायचे, वरच्या हाताच्या अंगठ्याने सुईच्या पुढचे कापड खाली दाबायचे आणि मधल्या बोटाने नेढ्याची बाजू कापडाकडे झुकवत न्यायची. टोक वर डोकावले की लगेच सुई पुन्हा उभी करायची आणि पुढचा टाका घ्यायचा. सुई अशी झोके घेत असताना नेढे ज्या खळीत बसलेले आहे ती खळी उथळ असेल, तर नेमक्या झुकण्याच्या क्षणी सुई निसटते, टाका लांब पडतो आणि हाताची लय मोडते. कापड रिंगवर ताणून बसवलेले असेल तर हा झोका घेताच येत नाही, त्यामुळे भरतकामात ठेवतो त्यापेक्षा ताण बराच सैल ठेवावा लागतो.

यावरून खळ्या खोल आणि जवळजवळ हव्यात हे ओघानेच आले. शिवाय त्या नुसत्या बाजूंवर असून भागत नाही, कारण गोधडी शिवताना पुष्कळ जणींचे नेढे बोटाच्या शेंड्यापाशी, पोटाकडच्या बाजूला टेकते. खास गोधडीसाठी घडवलेल्या धातूच्या अंगुस्तानाचा माथा सपाट असतो आणि त्याच्या भोवती उंच काठ असतो, जेणेकरून सुई घसरली तरी ती काठाला अडते. नव्याने शिकणाऱ्या व्यक्तीला मी प्रथम हेच सुचवते. अर्थात ज्यांची सवय बोटाच्या कडेने सुई सारण्याची आहे त्यांना या माथ्याचा काही उपयोग नाही. शिंपी वापरतात ते दोन्ही बाजूंनी उघडे, नळीसारखे अंगुस्तान त्यांना अधिक सोयीचे पडते, आणि लांब नखे राखणाऱ्यांचीही त्यात अडचण होत नाही. आपली सवय कोणती हे ठाऊक नसेल तर अंगुस्तान न घालता दोन-चार टाके घालून पाहावेत; नेढे बोटावर जेथे रुतते तीच आपली जागा.

धातूंमध्ये पितळ आणि पोलाद टिकाऊ असतात. चांदीचे अंगुस्तान दिसायला देखणे असते, पण शुद्ध चांदी मऊ असल्याने रोजच्या दाबाने सुई त्यातून आरपार जाऊ शकते. ही तक्रार जुनीच आहे. इंग्लंडमधील हॅलिफॅक्स येथील चार्ल्स हॉर्नर यांनी चांदीच्या दोन पत्र्यांमध्ये पोलादाचा थर घालून अंगुस्तान बनवले आणि 1884 मध्ये त्याचे पेटंट घेतले. ‘डॉर्कस’ या नावाने ते प्रसिद्ध झाले. निकेलचा मुलामा असलेल्या अंगुस्तानाने काहींच्या त्वचेला खाज सुटते, त्यांनी तो हट्ट सोडून चामड्याकडे वळावे.

चामड्याचे अंगुस्तान बोटाशी मिळून येते, घाम धरत नाही आणि स्पर्शाची जाण बऱ्यापैकी शाबूत ठेवते. मात्र ते वापराने सैल होते, म्हणून घेतानाच थोडे घट्ट घ्यावे. एकाच जागी सुई टेकत राहिल्याने चामडे तेथे झिजते आणि एक दिवस नेढे थेट बोटात शिरते. ते टाळण्यासाठी काही अंगुस्तानांत शेंड्यापाशी धातूची छोटी चकती शिवलेली असते, आणि माझ्या मते हाताने गोधडी शिवणाऱ्यांनी चकतीचेच घ्यावे. प्लास्टिकचे अंगुस्तान कायमचे वापरण्याजोगे मला वाटत नाही, कारण आत बोट घामेजते आणि दाबाने त्याला चीर पडते. आपले माप शोधण्यापुरते ते ठीक आहे.

माप हा सगळ्यांत नाजूक भाग आहे. आकड्यावर विसंबू नये, कारण निरनिराळ्या उत्पादकांचे आकडे जुळतातच असे नाही. अंगुस्तान घालून हात खाली लोंबता सोडावा आणि हलकेच झटकावा. ते गळून पडता कामा नये. त्याच वेळी बोटाचा शेंडा आतून माथ्याला लागलेला हवा, परंतु ठणका लागता कामा नये. मध्ये पोकळी राहिली तर सुईचा दाब बोटापर्यंत उशिरा पोहोचतो, आणि ‘सुई कळत नाही’ ही तक्रार बहुधा या पोकळीतूनच निघते. बोटे उष्णतेने आणि दिवस चढेल तशी थोडी सुजतात, त्यामुळे सकाळी गारव्यात चपखल बसलेले अंगुस्तान दुपारी आवळते. ज्या वेळी आपण शिवायला बसतो त्याच वेळी माप घ्यावे हे उत्तम. बोट पूर्ण गोल नसते हेही ध्यानात असू द्यावे. पितळेचे पातळ अंगुस्तान दोन्ही बाजूंनी जपून दाबून किंचित लंबगोल करता येते, आणि एवढ्याशा बदलाने ते बोटावर फिरायचे थांबते.

सुईचाही येथे संबंध येतो. गोधडीसाठी ‘बिट्वीन’ जातीच्या आखूड सुया वापरतात आणि त्यांचा क्रमांक जसा वाढतो तशी सुई अधिक आखूड व बारीक होत जाते. बारा क्रमांकाच्या सुईचे नेढे इतके लहान असते की मोठ्या खळ्यांच्या अंगुस्तानात ते स्थिर राहत नाही. नऊ किंवा दहा क्रमांकाने आरंभ करावा. जपानी साशिको शिवणीत याउलट लांब सुई असते आणि तिचे नेढे मधल्या बोटाच्या मुळाशी, तळहातावर येणाऱ्या चकतीवर टेकते. ती पद्धत सुरेख आहे, पण वर सांगितलेल्या झोक्याच्या टाक्याला ती लागू पडत नाही.

खालच्या हाताच्या बोटाचे काय, हा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्या बोटावर जाड अंगुस्तान घालू नये असे माझे ठाम मत आहे, कारण टोक लागले की नाही हे तेथेच कळायचे असते. टोचणे असह्य होत असेल तर पातळ चामड्याचे किंवा चिकटवायच्या चकतीचे संरक्षण घ्यावे. काही दिवसांनी तेथे बारीक घट्टा पडतो आणि तो पुरेसा होतो. मात्र त्वचा सोलवटली असेल तर ती भरून येईपर्यंत दुसरे बोट वापरावे.

पहिले काही दिवस मधले बोट अवघडल्यासारखे होते आणि अंगुस्तान काढून ठेवण्याचा मोह होतो. त्या काळात खरी गोधडी हातात घेऊ नये. वीतभर कापडात भराव घालून त्यावर सरळ रेघांत टाके घालत राहावे. इंचात किती टाके बसले याची मोजदाद इतक्यात नको. वरच्या बाजूला दिसणारे सहा-सात टाके एकसारखे आले तर ते वेड्यावाकड्या दहांपेक्षा कितीतरी चांगले, आणि हात बसल्यावर टाके आपोआप लहान होतात. अंगुस्तानाच्या आत-बाहेर अधूनमधून बोट फिरवून पाहावे. कोठे खरखर लागली, तर तेथे दोरा अडकून पिंजतो. बारीक पॉलिश कागदाने ती जागा गुळगुळीत करावी, आणि खळी आरपार गेली असेल तर ते अंगुस्तान बाजूला ठेवून नवे घ्यावे.