बस्टर कीटनचा आवाज

काल रात्री मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनचा १९३० चा बोलपट 'फ्री अँड ईझी' पुन्हा पाहिला, आणि नंतर बराच वेळ झोप लागली नाही. बोलपट आले आणि आवाजामुळे तो संपला, असं म्हणतात; पण त्याचा आवाज वाईट नव्हता हो! घोगरा, खर्जातला, त्या निर्विकार चेहऱ्याला शोभणारा. लहानपणापासून आईवडिलांबरोबर रंगमंचावर वाढलेला माणूस, तो बोलायला कशाला घाबरेल?

घात झाला तो १९२८ मध्ये. स्वतःचं युनिट सोडून तो एमजीएम या बड्या हॉलीवूड स्टुडिओत गेला. मूकपट करताना गमती सेटवरच सुचायच्या, तिथल्या तिथे करून बघायच्या. आता हातात दुसऱ्यांनी लिहिलेले संवाद. त्यात याच चित्रपटाची स्पॅनिश आवृत्तीही त्यालाच करावी लागली, न येणाऱ्या भाषेतले उच्चार घोकून. पुढे अखंड बोलणाऱ्या जिमी ड्युरांटी या विनोदी नटाशी जोडी लावली. १९३३ मध्ये स्टुडिओने काढूनच टाकलं.

मला मात्र छळतो तो याच चित्रपटातला प्रसंग: दोऱ्यांना लटकवलेली कठपुतळी झालेला बस्टर. ज्या कोऱ्या चेहऱ्यावर आम्हाला सगळं वाचता यायचं, त्याच्यावर विदूषकाचा रंग थापलाय. मी तिथेच चित्रपट थांबवला.