जंगलात जाऊन नेमके करता काय?

हा प्रश्न मला गेली पंधरा वर्षे विचारला जात आहे. बँकेत पासबुक भरताना, लग्नाच्या पंगतीत, सोसायटीच्या जिन्यात, कुठेही. नागपुरात त्याच्या पाठोपाठ "मग, वाघ दिसला का?" हा दुसरा प्रश्न ठरलेला असतो आणि त्यात नवल काही नाही, कारण पेंच, बोर, उमरेड-कऱ्हांडला आणि ताडोबा ही जंगले इथून सकाळी निघून संध्याकाळी परत येण्याच्या अंतरावर आहेत आणि सफारी करून आलेला एक तरी माणूस इथल्या प्रत्येक घरात सापडतो. मागच्या महिन्यात मात्र हा प्रश्न वेगळ्या काळजीने विचारला गेला. काटोलकडचे एक संत्रा बागायतदार आपल्या मुलीला घेऊन आमच्या विभागात आले होते. मुलीने वनस्पतिशास्त्रात बी.एस्सी. केले आहे आणि तिला पुढे इकॉलॉजी व वन्यजीव संवर्धन या विषयात शिकायचे आहे. वडील म्हणाले, "मॅडम, पोरगी हुशार आहे, मेहनतीले मागे नाही, पण जंगलात जाऊन ती करन काय नेमकं?" माझा तास सुरू व्हायचा होता, त्यामुळे मी पाच मिनिटांत जे सांगितले ते फार अपुरे होते. म्हणून आता नीट लिहिते आहे.

आम्ही मोजतो. जे सापडले ते मोजतो आणि जे सापडले नाही तेही त्याच कागदावर, तितक्याच काळजीने लिहितो. यातला दुसरा भाग शिकायला मला पीएच.डी.चे जवळजवळ एक वर्ष द्यावे लागले.

माझा विषय मोहाच्या झाडाचा होता. देवलापारच्या बाजूला, पेंचलगतच्या गावांमध्ये जुनी, डेरेदार मोहाची झाडे भरपूर आहेत. पण जंगलातून आणि बांधांवरून हिंडताना मनगटाएवढ्या जाडीचे, तरुण मोहाचे झाड क्वचितच दिसते. आजोबा आहेत आणि नातवंडे नाहीत, अशी त्या झाडांची स्थिती वाटत होती. ती खरोखर तशी आहे का आणि असल्यास का, हे पाहायचे होते. त्यासाठी झाड निवडायचे, जमिनीपासून 1.37 मीटर उंचीवर टेप धरून त्याचा घेर मोजायचा, खोडाला क्रमांकाची अॅल्युमिनियमची चकती लावायची आणि मग पीव्हीसीच्या नळ्या जोडून केलेली एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशी चौकट झाडाखाली आणि झाडापासून ठरावीक अंतरांवर टाकून तिच्यातली रोपे मोजायची. मोहाचे बी जून-जुलैमध्ये पिकून पडते, ते फार दिवस टिकत नाही आणि पाऊस मिळाला की लगेच रुजते. त्यामुळे पहिली मोजणी पावसाळ्याच्या अखेरीस करावी लागते.

त्या पहिल्या सप्टेंबरात मी 42 चौकटी मोजल्या. जिथे रोपे होती तिथे आकडा लिहिला आणि जिथे नव्हती तिथला रकाना कोरा सोडला, कारण लिहिण्यासारखे काही नव्हते असे मला वाटले. नोव्हेंबरमध्ये माझ्या मार्गदर्शक सरांनी ते कागद चाळले, एक कागद माझ्यासमोर ठेवला आणि कोऱ्या रकान्यावर बोट टेकवून विचारले, "इथे रोप नव्हते, की तू पाहिलेच नाहीस?" काही चौकटी मला स्पष्ट आठवत होत्या, पण एका संध्याकाळी पाऊस आल्यामुळे आम्ही घाईने आवरले होते आणि त्या दिवसाच्या शेवटच्या चौकटींपैकी कोणत्या पाहिल्या व कोणत्या राहिल्या, हे मला शपथेवर सांगता आले नसते. परत जाऊन मोजण्यातही अर्थ नव्हता, कारण दोन महिन्यांत गुरे चरून गेली होती आणि सप्टेंबरचे शून्य नोव्हेंबरमध्ये मोजता येत नाही. तो हंगाम वाया गेला. त्या दिवसापासून आजपर्यंत माझ्या कोणत्याही विद्यार्थ्याच्या डेटाशीटवर कोरा रकाना असलेला मी चालवून घेत नाही. पाहिले आणि नव्हते, तर शून्य. पाहिले नाही, तर आडवी रेघ आणि शेजारी कारण.

हे किरकोळ शिस्तीचे वाटत असेल, तर सरिस्काची गोष्ट सांगते. राजस्थानातल्या या व्याघ्र प्रकल्पात वर्षानुवर्षे पाऊलखुणांवरून वाघ मोजले जात होते आणि कागदावर वाघ होते. 2005 च्या सुरुवातीला उघड झाले, की तिथे एकही वाघ उरलेला नाही. चोरट्या शिकारीने सगळे संपवले होते. तिथली संख्या शून्याकडे जात असताना ती शून्याकडे जाते आहे असे कागद बोलत नव्हते. त्या धक्क्यानंतर देशातली पद्धत बदलली आणि 2006 पासून दर चार वर्षांनी कॅमेरा ट्रॅप (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो टिपणारे कॅमेरे) व संख्याशास्त्र यांच्या आधारे अंदाज काढला जाऊ लागला. त्या पहिल्या अंदाजात देशातील वाघांची संख्या 1411 आली, तर 2022 च्या अंदाजात ती 3682 पर्यंत गेली. या आकड्यांमागे वनरक्षकांनी आणि वनमजुरांनी आपापल्या बीटात, म्हणजे नेमून दिलेल्या गस्तीच्या हद्दीत, केलेली लाखो किलोमीटरची पायपीट आहे आणि तिच्यातला फार मोठा भाग "खूण आढळली नाही" अशा नोंदींचा आहे.

शून्य लिहिले म्हणजे प्राणी तिथे नाहीच, असेही नाही. चौसिंग्याचे उदाहरण घ्या. हे लहानसे हरीण अतिशय बुजरे असते, बहुधा एकटे किंवा जोडीने राहते आणि पानगळीच्या जंगलात चटकन दिसत नाही. समजा, एकाच पायवाटेवर चार वेगवेगळ्या दिवशी चार फेऱ्या केल्या आणि नोंद 0, 0, 1, 0 अशी आली. चौसिंगा तिथे आहे हे एका नोंदीने सिद्ध झाले. पण उरलेली तीन शून्ये सांगतात, की तो असूनही चारपैकी तीन वेळा आपल्या नजरेतून सुटू शकतो. अशा नोंदी पुष्कळ पायवाटांवरून जमल्या, की जिथे चारही वेळा शून्य आले त्या जागांपैकी किती जागी तो खरोखर नसावा आणि किती जागी केवळ आपल्याला दिसला नसावा, याचा हिशेब मांडता येतो. हा हिशेब मला या शास्त्रातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. मुलांना संख्याशास्त्राचा धाक असतो. तो घालवण्यासाठी मी पहिल्या तासाला हेच चार आकडे फळ्यावर लिहिते.

कंटाळवाण्या वाटणाऱ्या जुन्या मोजण्यांचे मोल कधी कळेल, हेही सांगता येत नाही. गिधाडे नाहीशी होत आहेत हे 1990 च्या दशकात ठामपणे म्हणता आले, याचे एक कारण असे, की भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात त्यांची घरटी त्याआधीच मोजून ठेवलेली होती. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून गिधाडांच्या मुळावर आल्याचे 2004 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 2006 मध्ये भारताने जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी घातली. ती घरटी मोजली जात होती, तेव्हा गिधाडांची कुणाला काळजी वाटत नव्हती.

आता पुन्हा मोहाकडे येते, कारण रकाने भरणे ही या कामाची अर्धीच बाजू आहे.

मार्चच्या अखेरीस मोहाची फुले गळू लागतात. रात्रीपासून सुरू झालेली ही गळती सकाळपर्यंत चालते. पहाटे अंधारात झाडाखाली उभे राहिले, की टप, टप असा मऊ आवाज येत राहतो आणि सगळ्या हवेत गोड, किंचित आंबूस वास दाटलेला असतो. फूल हातात घेतले तर ते फिकट पिवळसर, गरदार आणि थंड लागते. दाबले की बोटे चिकट होतात. बायका टॉर्च आणि टोपल्या घेऊन साडेचारलाच येतात, त्याही एकट्या नव्हे, कारण अस्वलालाही हे फूल तितकेच प्रिय आहे. फुले वाळलेल्या पाल्यात हरवू नयेत म्हणून आधी झाडाखालची जमीन स्वच्छ करावी लागते आणि त्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे पाला पेटवून देणे. आग कधी कधी तिथेच थांबते, कधी पुढे जंगलात शिरते. माझ्या उन्हाळ्याच्या कागदांवर काळ्या पडलेल्या जमिनीच्या चौकटींपुढे शून्यामागून शून्ये होती आणि मला वाटले, उत्तर मिळाले.

माझ्याबरोबर चौकटी टाकायला येणाऱ्या एका मावशींना मी ते सांगितले. त्या ज्या झाडाची फुले वेचत ते झाड त्यांच्या सासऱ्यांनी राखलेले होते. कोणते झाड कोणत्या घराचे, हे गावात सगळ्यांना ठाऊक असते. त्या म्हणाल्या, "आग तर लागतेच पोरी, पण तू बी धरलंच नाही हिशेबात. फूल आम्ही वेचतो, मग तेलासाठी बी पण आम्हीच वेचतो. राहिलं ते बकऱ्या खातात. उगवन कशाचं?" माझ्या डेटाशीटवर बी वेचण्याचा रकानाच नव्हता. जो रकाना आपण आखलेला नाही त्यात शून्यही लिहिता येत नाही, हे मला तोवर सुचले नव्हते.

मग आग, बी वेचणे आणि चराई ही तीन कारणे एकमेकांपासून वेगळी करण्यासाठी निरनिराळ्या चौकटी लागल्या: काहींना बोराटीच्या काट्यांचे कुंपण, काहींभोवती पाला झाडून काढलेली जाळरेषा, काहींमध्ये बी तसेच राहू द्यायचे अशी त्या त्या घराशी ठरवून घेतलेली बोली. ती बोली सगळ्यांनी पाळली. या कामातून मी एक गोष्ट पक्की शिकले, की संवर्धनाचा प्रश्न "लोकांना कसे थांबवायचे" असा विचारला तर उत्तर हाती लागत नाही. फुलांचे उत्पन्न तेच राहून पाला पेटवावा लागू नये यासाठी काय करता येईल, असा तो विचारला, तर झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरण्याचा उपाय निघतो आणि तो बायकांनाही सोयीचा पडतो, कारण झाडलोटीचे कष्ट वाचतात. बियांचा प्रश्न यापेक्षा अवघड आहे. मोहाचे रोप फुलावर यायला दहाएक वर्षे जातात आणि पीएच.डी. त्याच्या कितीतरी आधी संपते. म्हणून त्या जागी मी आजही दर सप्टेंबरला जाते.

मुलीच्या वडिलांना व्यवहाराचेही सांगितले पाहिजे. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली, तर 2023 पासून दरमहा 37,000 रुपये मिळतात. न मिळाल्यास एखाद्या प्रकल्पावर कमी मानधनात काम करावे लागते आणि प्रकल्प संपला की पुन्हा शोध सुरू होतो. अभयारण्यात अभ्यास करायचा तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे परवानगी घ्यावी लागते आणि तिला लागणारे महिने आधीच धरून चालावे. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत किंवा बंगळूरुच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला तर अवश्य जावे. मात्र नागपुरात राहून शिकणे कमी प्रतीचे आहे, असे मी कधीही म्हणणार नाही. राज्याच्या वन विभागाचे मुख्यालय या शहरात आहे, राज्य जैवविविधता मंडळ इथे आहे, नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था 1958 पासून इथे आहे, आणि तेंदू, ऐन, धावडा, सालई ही झाडे शहराच्या कडेच्या गोरेवाडा जंगलापासूनच ओळखायला सुरुवात करता येते. ज्या विद्यार्थ्याला इथल्या बोलीत गावातल्या माणसाशी बोलता येते, त्याच्याकडे बाहेरून आलेल्या संशोधकाला अनेक महिने खर्चून मिळवावे लागणारे साधन आधीपासूनच असते. तुमच्या मुलीकडे ते आहे. संत्र्याच्या बागेत फुलगळ का झाली, याची चर्चा ती लहानपणापासून ऐकत आली आहे आणि एका परिणामाला चार कारणे असू शकतात हे तिला वेगळे शिकवावे लागणार नाही.

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण देवलापारकडे जाणार आहोत, त्यांत चार मुली आहेत. राहण्याची सोय गावात, मावशींच्या घरी असते. तिला आठ दिवस आमच्याबरोबर पाठवा. पूर्ण बाह्यांचे मातकट रंगाचे दोन सदरे, बंद बूट, पाण्याच्या दोन बाटल्या आणि पेन्सिल द्या. पेन नको, कागद दवाने ओला होतो. पहाटे साडेतीनला उठावे लागेल. आल्यावर तिचे कागद तुम्ही स्वतः पाहा आणि तुम्हाला कोरा दिसेल त्या प्रत्येक रकान्याबद्दल तिला विचारा.