ॲम्पचा आवाज आणि जोडीचा आवाज

खिशात मावणारा अमुक हेडफोन ॲम्प, म्हणजे हेडफोनकडे जाणारा सिग्नल मोठा करणारे उपकरण, चांगला आहे का, असे कोणी विचारले की मी दोन उलट प्रश्न करतो: तो कोणत्या प्लेअरला जोडणार आणि त्यावर कोणता हेडफोन लावणार? नीट बांधलेल्या ॲम्पला स्वतःचा आवाज फार थोडा असतो. आपल्याला जाणवणारा फरक बहुतेक वेळा व्होल्टेज, इम्पीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा, जो ओममध्ये मोजतात) आणि खरखर या तीन गोष्टींतून आलेला असतो.

सेनहायझरचा एचडी ६०० घ्या. त्याचा इम्पीडन्स ३०० ओम असून १ व्होल्टला तो साधारण ९७ डेसिबल आवाज देतो. ॲपलचे युरोपबाहेर विकले जाणारे यूएसबी-सी डोंगल (फोनला हेडफोन जोडण्याची छोटी जोडणी) जास्तीत जास्त सुमारे १ व्होल्ट देते. आजच्या चित्रपटगीतांना, ज्यांची पातळी मुळातच वर चढवलेली असते, एवढे पुरते. परंतु आलाप अगदी हळू आणि तबल्याची थाप मात्र पूर्ण जोराची, अशा जुन्या मैफिलीच्या ध्वनिमुद्रणात आवाजाचा खटका शेवटपर्यंत नेऊनही काहीतरी उणे राहते. थापेच्या क्षणी ११० डेसिबल हवे असतील, तर सुमारे साडेचार व्होल्ट लागतात, आणि येथे ॲम्प खरोखर काम करतो. त्याच डोंगलवर ऑडिओ-टेक्निकाचा ३८ ओमचा एटीएच-एम५०एक्स लावला, की १ व्होल्टच कानाला नकोसा होईल इतका पुरतो. मग मध्ये ॲम्प घालून खिसा जड होण्यापलीकडे मला काहीच हाती लागलेले नाही.

अनेक बॅलन्स्ड आर्मेचर ड्रायव्हर (आवाज काढणारे चिमुकले घटक) असलेल्या इयरफोनांची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण त्यांचा इम्पीडन्स कंप्रतेनुसार बराच वरखाली होतो. समजा, तो एका ठिकाणी ५ ओम आणि दुसऱ्या ठिकाणी ४० ओम आहे, आणि ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे त्याच्या बाहेर पडणाऱ्या टोकाचा स्वतःचा अडथळा, १० ओम आहे. तर पहिल्या ठिकाणी व्होल्टेजचा एक तृतीयांश भाग इयरफोनपर्यंत पोहोचतो आणि दुसऱ्या ठिकाणी चार पंचमांश, म्हणजे दोहोंत साडेसात डेसिबलची तफावत पडते. एवढ्याने तंबोऱ्याची जवारी आणि डग्ग्याचा घुमारा यांचा तोल सरळसरळ बदलतो. आउटपुट इम्पीडन्स १ ओम असेल, तर हीच तफावत दीड डेसिबलच्या आत राहते. प्लेनर मॅग्नेटिक (चुंबकांमधल्या सपाट पडद्याने आवाज काढणाऱ्या) हेडफोनचा इम्पीडन्स जवळपास सपाट असल्याने त्यांना याची फारशी पर्वा नसते, पण त्यांपैकी अनेकांना विद्युतप्रवाह भरपूर लागतो.

बॅलन्स्ड आर्मेचरच्या संवेदनशील इयरफोनांवर ॲम्पची सूक्ष्म खरखरही ऐकू येते, विशेषतः गेनचा (सिग्नल किती पट वाढवायचा ते ठरवणारा) खटका ‘हाय’वर असताना. ती तपासायची तर पंखा बंद करून बसावे लागते, आणि मुंबईत मे महिन्यात ही एक तपश्चर्याच असते. गर्दीच्या लोकलमध्ये हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण चाकांच्या खडखडाटात ती खरखर पूर्ण बुडून जाते.

प्लेअरच्या बाजूने पाहिले, तर ॲम्पला लाइन-आउटमधून, म्हणजे प्लेअरच्या आतल्या हेडफोन ॲम्पला वगळून सिग्नल देणाऱ्या छिद्रातून, सिग्नल देणे उत्तम. हेडफोनच्या छिद्रातून दिला, तर प्लेअरच्या आतल्या ॲम्पची खरखर आणि विकृतीही पुढे वाढून जाते, आणि बाहेरचा ॲम्प ती पुसू शकत नाही.

तुलना करताना माझी एकच अट असते: दोन्ही बाजूंची पातळी सारखी असली पाहिजे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात मिळणारा साधा मल्टिमीटर यासाठी पुरतो. मात्र स्वस्त मीटर उंच कंप्रतांवर चुकतात, म्हणून १०० हर्ट्झच्या आसपासचा स्वर वाजवून, हेडफोन जोडलेला असतानाच, व्होल्टेज मोजावे आणि दोहोंतला फरक २ टक्क्यांच्या आसपास आणावा, म्हणजे तो ०.२ डेसिबलपर्यंत उतरतो. हे केले नाही, तर किंचित मोठा वाजणारा ॲम्प नेहमीच अधिक मोकळा आणि अधिक स्पष्ट वाटतो. ४.४ मिलिमीटरच्या बॅलन्स्ड जोडणीची (जिच्यात प्रत्येक कानाला दोन उलट सिग्नल वेगळ्या तारांनी मिळतात) कीर्तीही मला पुष्कळ अंशी यातूनच आलेली दिसते. तिचे व्होल्टेज साध्या जोडणीच्या दुप्पट, म्हणजे ६ डेसिबलने जास्त असू शकते, आणि त्याबरोबर आउटपुट इम्पीडन्सही सहसा दुप्पट होतो. एचडी ६०० साठी हा सौदा फायद्याचा आहे. बॅलन्स्ड आर्मेचरच्या इयरफोनांसाठी मी साधी ३.५ मिलिमीटरची जोडणीच वापरतो.