खांब उपटायला गेलो तो दिवस

खांद्यावर रायफल माझ्या, आणि बोलणी खाणाराही मीच. जुलैतली दुपार होती. दुपार म्हणायची ती घड्याळ बघून, सूर्य काही मावळत नव्हता.

मी इलेक्ट्रॉनिक्सचा टेक्निशियन. गोव्याहून हिमाद्री या आपल्या आर्क्टिकमधल्या संशोधन केंद्रावर उन्हाळी मोहिमेत गेलो होतो. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरची नी-ऑलेसुंड ही वस्ती, 79 अंश उत्तर. वस्तीबाहेर जायचं तर अस्वलांच्या भीतीने रायफल लागतेच. आधी रेंजवर नेऊन चालवायला शिकवतात. फोनचं वायफाय, ब्लूटूथ बंद, कारण तिथल्या अँटेना अंतराळातून येणारे क्षीण रेडिओ तरंग टिपत असतात. आणि दारांना कुलूप लावायचं नाही. मागे अस्वल लागलं तर दिसेल त्या दारात घुसता यावं म्हणून. वास्कोत दोन-दोन कड्या लावून झोपणाऱ्या मला हे पचायला आठवडा गेला.

हिमनदीवर नजर ठेवणारा कॅमेरा बसवायचा होता, काँग्सफ्योर्ड या खाडीच्या पलीकडे ब्लोमस्ट्रांडहाल्वोयावर. नावातल्या 'हाल्वोया'चा अर्थ द्वीपकल्प असला तरी ते आता बेट आहे. हिमनदी मागे सरली आणि मधून पाणी आलं. परवानगीतल्या जागी पोचलो तर सुरय पक्ष्यांची घरटी. एकाने टोपीवर चोचच हाणली. मी खांब उचलला आणि थोडं वर, कुजक्या फळ्यांच्या ढिगाजवळ ठोकला. वर तिरंग्याचं स्टिकर.

चौथ्या दिवशी स्वालबार्डच्या नॉर्वेजियन गव्हर्नरच्या कार्यालयातले दोघे बोटीने आले. "हा खांब तुमचा?" फळ्या 1946 पूर्वीच्या, म्हणजे कायद्याने संरक्षित. त्यांच्याभोवती 100 मीटरच्या आत काही ठोकता येत नाही. शिवाय परवानगीतली जागाही ही नव्हे.

मला वाटलं, बाबूगिरी इथेही सुटली नाही. चूक माझी होती म्हणून राग जास्तच आला. म्हणालो, "1920 च्या स्वालबार्ड करारात भारतही आहे. आम्हाला समान हक्क आहेत."

त्यातला वयस्क गृहस्थ हसला. "तिसरं कलम वाचलेलं दिसतंय. त्यातच 'स्थानिक कायदे पाळून' असं आहे. आणि पहिलं वाचलंत?"

पहिल्यात पूर्ण सार्वभौमत्व नॉर्वेचं. गंमत म्हणजे भारताच्या नावाने त्यावर सही कुणाची, तर पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डर्बी यांची. त्या सहीच्या जोरावर मी भांडत होतो.

मग त्याने फळ्यांची गोष्ट सांगितली. अर्नेस्ट मॅन्सफील्ड नावाच्या इंग्रजाने शंभर वर्षांहून आधी इथे संगमरवराची खाण उघडली. थंडीने गोठलेला असेपर्यंत दगड सुरेख दिसायचा, वितळला की भुगा. तेव्हा या बेटांना मालक नव्हता. कंपन्या यायच्या, पाट्या ठोकायच्या: इथून तिथवर आमचं. सांगता सांगता त्याची नजर माझ्या स्टिकरवर गेली. बोलला काहीच नाही.

"एका कॅमेऱ्यासाठी एवढं?" मी तरीही विचारलं.

तो म्हणाला, करारातल्या नवव्या कलमाने इथे नौदल तळ नाही, तटबंदी नाही. आमच्या हातात उरतात ते नियमच. जानेवारी 2022 मध्ये नॉर्वेच्या मुख्य भूमीकडे जाणाऱ्या दोन समुद्री केबलांपैकी एक निकामी झाली. गुन्हा कुणावर सिद्ध झाला नाही. मे 2023 मध्ये स्वालबार्डमधल्याच बॅरेन्ट्सबर्गच्या खाणवस्तीत रशियनांनी झेंडे लावून विजयदिनाची मिरवणूक काढली. "आज तुमचा खांब चालवून घेतला, तर उद्या दुसऱ्याच्या खांबाला मी काय सांगणार?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. तटरक्षक दलाचं राखाडी जहाज मी फ्योर्डमध्ये पाहिलं होतं, पण ते येतं आणि जातं. हा माणूस मात्र घडी घातलेला कागद खिशात ठेवून दगडधोंड्यांतून बेटभर पायी हिंडत होता.

खाली जमीन गोठलेली. ठोकताना जेवढा घाम आला नव्हता तेवढा उपटताना आला. शेवटी तिघांनी मिळून हलवला. नव्या जागेचा अर्ज कुठे करायचा ते त्याने माझ्या वहीत लिहून दिलं, आणि भोक बुजवायला दगडही स्वतःच आणून दिले. स्टिकर काढायला त्याने सांगितलं नाही. मीही काढलं नाही.