अपुऱ्या दिवसांच्या बाळाची प्रतिकारशक्ती
बहिणीचा रक्तदाब प्रीएक्लॅम्पसिया या गरोदरपणातील विकारामुळे वाढल्याने भाचीचा जन्म ३०व्या आठवड्यातच करावा लागला, आणि तिला जंतुसंसर्गापासून इतके का जपतात हे मी तेव्हा नीट समजून घेतले. आईच्या रक्तातील आयजीजी ही प्रतिपिंडे (जंतूंशी लढणारी प्रथिने) वारेतून बाळाकडे जातात. हा पुरवठा चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होत असला तरी त्याचा मोठा भाग शेवटच्या तिमाहीत पोहोचतो, त्यामुळे पूर्ण दिवसांच्या बाळात त्यांचे प्रमाण बहुधा आईपेक्षाही जास्त भरते. लवकर जन्मलेले बाळ नेमके या शिदोरीला मुकते. शिवाय प्रीएक्लॅम्पसियात बाळाच्या रक्तातील न्यूट्रोफिल या जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही काही दिवस कमी आढळू शकतात. म्हणूनच आयजीए प्रतिपिंडांनी समृद्ध असलेला आईचा चीक, म्हणजे प्रसूतीनंतरचे पहिले दूध, मला अशा बाळासाठी अनमोल वाटतो. तो नळीवाटे थेंब-थेंब द्यावा लागला तरी द्यावा.