तुम्ही विचारलंत म्हणून: चेकराइडची फाइल

चेकराइडची, म्हणजे पायलटच्या तोंडी आणि उड्डाणाच्या परीक्षेची, तारीख हातात पडली की विद्यार्थी विचारतात, "ताई, फाइल नेमकी कशी लावायची?" मी अमेरिकेत विमान उडवायला शिकवते, त्यामुळे पुढचं सगळं एफएएच्या (तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेच्या) नियमांनुसार आणि प्रायव्हेट पायलटच्या परीक्षेपुरतं.

दोन गठ्ठे करा, एक विमानाचा आणि एक तुमचा. विमानाचा आधी घ्या, त्यालाच जास्त वेळ लागतो. एअरफ्रेम (विमानाचा सांगाडा), इंजिन आणि प्रोपेलर यांची लॉगबुकं वेगवेगळी असतात आणि मेकॅनिकचं अक्षर डॉक्टरांच्या वरताण. वार्षिक तपासणी 12 महिन्यांच्या आतली हवी, विमान भाड्याने देऊन शिकवणी चालत असेल तर 100 तासांचीही. ट्रान्सपॉन्डरची (रडारला विमानाची ओळख देणारं यंत्र) 24 महिन्यांच्या आत, ईएलटीची (अपघातात आपोआप संदेश पाठवणारं यंत्र) 12 महिन्यांच्या आत, शिवाय ईएलटीच्या बॅटरीची मुदत वेगळी. एडींची, म्हणजे सुरक्षेसाठी निघालेल्या सक्तीच्या दुरुस्ती-आदेशांची, यादी या सगळ्यावर. प्रत्येक नोंदीवर रंगीत चिठ्ठी चिकटवा, पण ती नोंद स्वतः शोधून. कोणी आयत्या चिठ्ठ्या लावलेली लॉगबुकं दिली तर मी त्या काढून टाकायला लावते. शिव्या खाते, पण लावते. कारण एक्झॅमिनर "नोंद दाखव" म्हणून थांबत नाही, "आज हे विमान उडण्यायोग्य आहे हे तू कशावरून ठरवलंस?" असं विचारतो.

विमानात ठेवायचे कागद मात्र फाइलसाठी बाहेर काढू नका, फोटो घ्या. एअरवर्दिनेस (उड्डाणयोग्यतेचं) प्रमाणपत्र फाइलमध्ये झकास दिसतं, पण ते विमानात नसेल तर उडता येत नाही.

आता तुमचा गठ्ठा. फोटो असलेलं ओळखपत्र, स्टुडंट पायलट सर्टिफिकेट, मेडिकल (वैद्यकीय प्रमाणपत्र), लेखी परीक्षेचा निकाल (तो 24 महिनेच चालतो) आणि तुमचं लॉगबुक. आपल्या लोकांची इथे एक खास अडचण असते, मधलं नाव. पासपोर्टवर वडिलांचं नाव पूर्ण, निकालावर ते गायब, ऑनलाइन अर्जात नुसतं आद्याक्षर. हे आधीच जुळवून घ्या. टेबलावर बसल्यावर "तो मीच" म्हणून भागत नाही.

लॉगबुकात एकूण 40 तास भरले म्हणून निवांत होऊ नका. एक्झॅमिनर ठरावीक उड्डाणं शोधतो. रात्रीचे 3 तास, त्यात 100 नॉटिकल मैलांहून लांबचा एक प्रवास आणि पूर्ण थांबून केलेली 10 लँडिंग, एकट्याने केलेला 150 नॉटिकल मैलांचा प्रवास, असं बरंच. एका कोऱ्या कागदावर अट, तारीख, पान आणि तास लिहून काढा. बेरजा पुन्हा करा. माझ्या पहिल्या लॉगबुकातलं एक पान एका तासाने श्रीमंत होतं.

याच कागदावर एकदा माझी फजिती झाली. नियम असा की परीक्षेच्या तयारीचे 3 तास इन्स्ट्रक्टरबरोबर झालेले हवेत आणि तेही परीक्षेच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांपासून पुढचे. विद्यार्थ्याची परीक्षा 30 मेला होती, म्हणजे 1 मार्चपासूनचे तास धरायचे. त्याचे 1.4 तास मार्चअखेरचे, 1.6 एप्रिलमधले. झालं, तीन भरले, मी सही केली. 30 मेला ढग उतरले आणि परीक्षा 2 जूनवर गेली. तीनच दिवसांचा फरक, पण महिना बदलला आणि मार्चचे तास बाद झाले. हे ना त्याच्या लक्षात आलं ना माझ्या. एक्झॅमिनरने कागदावर बोट ठेवलं, मनाशी मोजलं आणि शांतपणे फाइल मिटली. परीक्षा सुरूच झाली नव्हती, त्यामुळे नापासाचा शिक्का बसला नाही, पण पोराचा चेहरा बघवेना. चूक सही करणारीची होती. त्याच दुपारी आम्ही दीड तास उडालो, एक अक्षर न बोलता.

तेव्हापासून त्या कागदावर परीक्षेची तारीख पेन्सिलने लिहायची असते, आणि शेजारी पेनाने: "पुढे गेली तर परत मोज."