मोडीत आलेली चकती

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आधी आमच्या भांड्यांच्या दुकानात जुन्या भांड्यांची मोड फार येते. लेकी माहेरी यायच्या असतात, हातात पैसा नसतो, मग माळ्यावरच्या घागरी खाली उतरतात. मोड घेणं म्हणजे नुसतं वजन करणं नव्हे. लोट्याच्या बुडात शिसं भरलेलं असतं, मुठीत राळ असते. म्हणून आधी लोखंडासाठी चुंबक, मग कडेला कानशीचा एक हात, मग वाजवून बघायचं.

यंदा अमळनेरजवळच्या खेड्यातल्या एक आजी दोन घागरींसोबत जाड चकती घेऊन आल्या. "भाऊ, हाई पितय शे ना? कितला पैसा भेटतीन?"

कानस उचलली आणि हात थांबला. पितळ नव्हे, ते ब्राँझ होतं. 12 सेंटिमीटरची चकती, त्रिशूळ धरलेली बाई, पायाशी सिंह आणि सिंहाच्या डोक्यावरच्या चौकटीत इंग्रजी अक्षरांत एक आपल्याकडचं नाव. ते मागाहून कोरलेलं नव्हतं, ओतकामातच उठवलेलं होतं. म्हणजे या एका माणसाच्या नावासाठी साच्यात वेगळी अक्षरं बसवली होती. धातूत हात घातलेल्यालाच त्याची मेहनत कळते. पहिल्या महायुद्धात मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने अशा 13 लाखांवर चकत्या पाठवल्या. त्यावर हुद्दा नाही. साहेब असो की शिपाई, फक्त नाव.

"सासराना काका. लढाईमा ग्या, परत उनाच नही," आजी म्हणाल्या. तुर्कांनी कैदेत ठेवला, तिकडेच मेला, एवढं सासूकडून ऐकलेलं. लग्न ठरलं होतं म्हणे.

रात्री राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर शोधत बसलो. स्पेलिंगं बदलत गेलो, तेव्हा बापाचं नाव आणि गाव जुळलं. 110 वी मराठा लाइट इन्फन्ट्री, मृत्यू ऑगस्ट 1916. ही पलटण इराकात कुत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. धान्य संपलं, घोडे कापले. कित्येक हिंदू शिपायांनी ते मांस खाल्लं नाही, उपास काढले. 29 एप्रिल 1916 ला शरणागती. पुढे उन्हाळ्यात या खंगलेल्या पोरांना वाळवंटातून पायी हाकलत सीरियातल्या रास-अल-ऐनकडे नेलं, रेल्वेच्या कामावर जुंपायला. खानदेशातलं वैशाखाचं ऊन ज्याने रिकाम्या पोटी अंगावर घेतलंय, त्याला मी आणखी काय सांगू!

त्याची कबर सापडलेली नाही. नोंद बसराच्या स्मारकात आहे, पण तिथे दगडावर अधिकाऱ्यांची नावं आणि हिंदी शिपायांचा नुसता पलटणवार आकडा. हा भेदभाव होता हे आयोगाने 2021 मध्ये स्वतः कबूल केलं. शंभर वर्षांनी! म्हणजे या पोराचं नाव ठळक उठलेलं आहे ते बहुधा या एका चकतीवर, आणि ती भट्टीत जायला निघाली होती.

आजींना मी दोन्ही भाव सांगितले, मोडीचा आणि जुन्या वस्तू जमवणारे देतात तो. लपवणं बरोबर नव्हतं. घागरी घेतल्या, चकती परत दिली. आता सुरतेचा पुतण्या मला रोज फोन करतो, गिऱ्हाईक आणा म्हणतो. आजींची नड खरी आहे, त्यांनी विकली तर अडवणारा मी कोण? पण 2023 मध्ये गावोगाव वीरांचे शिलाफलक लागले, त्यांच्या गावच्या फलकावर हे नाव नाही. नोंदीची प्रत जोडून अर्ज मीच लिहून दिलाय. ग्रामसेवक म्हणतात, ठराव लागेल. कागद पुढे सरकवायचा नसला की हेच उत्तर मिळतं. पुढच्या ग्रामसभेला आजींबरोबर जाणार आहे, दुकान बंद ठेवून.